पिवळी टिकली

पुस्तकांना टिकल्या लावायची कल्पना माझीच होती.

मी मूळचा उमरीचा. नोकरीची शेवटची अकरा वर्षं उदगीरजवळच्या ह्या गावात काढली आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिलो. मठाच्या मंडळींनी मागची एक खोली दिली. दोन लोखंडी कपाटं, एक मोठी सतरंजी आणि शनिवारी-रविवारी सकाळी आठ ते दहा पस्तीस-चाळीस पोरं, असा आमचा वाचनवर्ग आहे. पुस्तकं चारशेच्या वर झाली तेव्हा पोरांचा गोंधळ व्हायला लागला. दुसरीतलं पोरगं जाड पुस्तक ओढायचं, दोन पानांत कंटाळायचं आणि पुढच्या आठवड्यात यायचंच नाही. मग मी बांगड्यांच्या दुकानातून चार रंगांच्या टिकल्यांची पाकिटं आणली आणि चार दिवस बसून प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एकेक टिकली चिकटवली.

लाल टिकली म्हणजे एका पानावर दोन-चार शब्द. पिवळी म्हणजे एका पानावर एखादी ओळ आणि बाकी सगळं चित्र. हिरवी म्हणजे छोट्या गोष्टी. निळी म्हणजे चित्र नसलेली जाड पुस्तकं. पोरांना मजा वाटली. "गुरुजी, पुस्तकांची लग्नं लावलाव की तुम्ही!" असं एक पोरगी म्हणाली होती.

कुणाला कोणती टिकली हे मी ठरवायचो. दर तीन महिन्यांनी एकेकाला जवळ बसवून एक पान मोठ्यानं वाचायला लावायचो, मनगटातलं घड्याळ काढून हातात धरायचो आणि एक मिनिट ऐकायचो. पोराचा श्वास कुठं तुटतो, कोणत्या जोडाक्षराला जीभ अडते, हे मला लगेच कळतं असं मी मानायचो. चाळीस वर्षांचा कान होता. मग वहीत नोंद. घाई करायची नाही, रागवायचं नाही, पायरी सोडायची नाही, हा माझा नियम.

दामिनी आली ती गेल्या वर्षी जूनमध्ये. पाचवीत होती. सडपातळ, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, बोलणं अगदी कमी. वडील मडिवाळप्पा उदगीरच्या डाळमिलमध्ये कामाला, हे नाव लिहून घेताना कळलं. तिला हिरव्या टिकलीचं पान वाचायला दिलं. तिनं पहिलं वाक्य स्वच्छ वाचलं आणि थांबली. माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

मला वाटलं, अडली. मी पुढच्या वाक्यातला पहिला शब्द सांगितला. तिनं तो म्हटला, वाक्य वाचलं आणि पुन्हा थांबली. पुन्हा वर बघितलं. पुन्हा मी शब्द सांगितला. मिनिट संपलं तेव्हा तिची पाच वाक्यंसुद्धा झाली नव्हती. मी वहीत लिहिलं, 'अडखळते', आणि तिला पिवळी टिकली दिली.

सप्टेंबरात तेच. डिसेंबरात, मार्चात, पुन्हा जूनमध्ये तेच. पाचदा मी तो एकच शब्द लिहिला. दर शनिवारी ती पिवळी दोन पुस्तकं न्यायची आणि रविवारी परत आणायची.

"गुरुजी, आनखी दोन नेऊ का?" एकदा तिनं विचारलं.

"घाई नको, बाळ. दोनच ने, पण नीट वाच."

"मोठं एखादं?"

"तेही येईल. आधी ही पायरी पक्की होऊ दे."

ती मान हलवून गेली. मला बरं वाटलं. आपण हिला ढकलत नाही, हिच्या चालीनं चालतो, असं वाटलं.

ह्या वर्षी पिवळ्या टिकलीची सगळी पुस्तकं तिची दोनदोनदा नेऊन झाली होती. ऑगस्टातल्या एका शनिवारी परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. तिनं ठेवलेल्या एका पुस्तकाला पिवळी टिकली होती, पण ते जाड होतं. अंगठा फिरवला तर टिकलीखाली उंचवटा लागला. नखानं पिवळी टिकली उचलली. खाली निळी होती.

तेव्हा मी तिला बाजूला बोलवून विचारायला हवं होतं. पण खोली भरलेली होती, आणि मला वाटलं की सगळ्यांनाच एकदा समजावून सांगावं. मी पुस्तक हातात धरून विचारलं, "ही टिकली कुणी बदलली?"

दामिनी उभी राहिली. लपवालपवी नाही, काही नाही.

"वाचलंस का हे?"

"हाव. अर्धं झालंय. आज तारीख लावायला आनलं. पुन्हा नेनार हाय."

"बरं. मग वाच बघू. कुठलंही पान."

तिनं पुस्तक उघडलं. एक वाक्य वाचलं आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. मी ह्या वेळी शब्द सांगितला नाही, नुसता बघत राहिलो. तिनं दुसरं वाक्य वाचलं. पुन्हा थांबली. तिसरं. थांबली.  मग मागून प्रेम नावाचा एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, ही तर साधी गाडी हाय! दर थांब्याला थांबून राहिली!"

सगळी खोली हसली. मी प्रेमला दटावलं. मग दामिनीजवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं, "बाळ, टिकली बदलली म्हणून वाचता येत नाही. वेळ लागला तर लागू दे. मला काही घाई नाही." तिच्या हातातलं निळं पुस्तक घेतलं आणि पिवळं दिलं. तिनं ते घेतलं. 

पुढच्या आठवड्यात नांदेडला शिक्षकांचा एक मेळावा होता आणि त्यात मला माझ्या टिकल्यांविषयी बोलायला बोलावलं होतं. दीडशे-एक जण होते. मी चार रंग सांगितले, घड्याळ सांगितलं, वहीतले आकडे सांगितले. शेवटी म्हणालो, "माझ्याकडं एक मुलगी आहे. सव्वा वर्ष झालं, पिवळ्यातच आहे. परवा तर तिनं टिकली बदलून मला फसवायचा प्रयत्न केला. पण मी तिच्यावर रागावलो नाही. तिला सोडलंही नाही. शिक्षकाकडं दुसरं काही नसलं तरी धीर पाहिजे."

टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या.

चहाच्या वेळी शीलाताई भेटल्या. उमरीच्या शाळेत आम्ही नऊ वर्षं बरोबर होतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या की नाही, मला माहीत नाही.

"ती मुलगी वाचून झाल्यावर गोष्ट सांगते का हो?" त्यांनी विचारलं.

"शीलाताई, वाचताच येत नाही तर सांगणार काय?"

"घरी काय बोलतात?"

"कन्नड बोलत असतील. तिकडचीच माणसं आहेत."

"असतील? विचारलं नाहीत?"

मी हसून विषय बदलला. परतीच्या गाडीत मात्र ते 'असतील' डोक्यातून जाईना. अकरा वर्षं नोकरी आणि नंतरची सहा, अशी सतरा वर्षं मी त्या गावात काढली होती. अर्ध्या गल्ल्यांत कन्नड बोलतात. मला 'या', 'बसा', 'पुढं' आणि 'पुरे' एवढंच येत होतं. माझी मराठी त्यांना कळते, मग चालतंय की, असं मी सतरा वर्षं धरून चाललो होतो.

त्या शनिवारी दामिनी आली नाही. रविवारी नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. पिवळं पुस्तक तिनं एका मैत्रिणीबरोबर परत पाठवलं. तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी तिच्या घरी गेलो.

दारात एक म्हातारी सुपात तूर घेऊन बसली होती. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी खडे शोधत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा पसरलेला. दामिनीची आजी, सिद्धम्मा.

"यार?" कोण म्हणून तिनं विचारलं.

मी नाव सांगितलं.

"बर्री, बर्री. कुंडरी." तिनं हातानं चाचपून बसायला पोतं पुढं सरकवलं. मग बाजारापुरत्या मराठीत म्हणाली, "तुमीच का टिकलीचे मास्तर?"

"हो. दामिनी येत नाही, म्हणून आलो. बरं नाही का तिला?"

"तिला काय झालंय? पानी आनाया गेलीय. मास्तर, तुमाला एक इचारू? त्या पोराला आडातनं काडला का न्हाई?"

मला काही कळेना. "कोणत्या पोराला?"

"तुमच्या पुस्तकातल्या! शेळी पडली कोरड्या आडात. पोरगा उतरला तिच्यामागं, कासरा धरून. कासरा तुटला. सांज झाली. आनि तुमी पुस्तक घिऊन कपाटात ठिवलाव!" तिनं सूप खाली ठेवलं. "तीन हप्ते झाले. पोरगं आडात, शेळी आडात, आनि मास्तरनी कुलूप लावलंय."

ती हसत होती.  मी तिच्या हातातून काढून घेतलेलं ते निळ्या टिकलीचंच पुस्तक होतं.

"दामिनीनं सांगितली तुम्हाला ही गोष्ट?"

"सांगितली न्हाई, वाचली. रोज वाचती. मी भाकरी थापती, ती चुलीम्होरं वाचती. एक वळ मराठीत वाचती, मंग कन्नडात सांगती. पुस्तकातली मराठी मला कुटं कळती? मी 'मुंद' म्हनली की म्होरली वळ. 'मुंद' न्हाई म्हनली तर थांबती. मला कवा समजत न्हाई, कवा मी भाकरी उलटती. थांबती बिचारी. लई शानी हाय."

मुंद म्हणजे पुढं. एवढं मला माहीत होतं.

मी पोत्यावर बसलो होतो तसाच बसून राहिलो. दामिनी वाक्य वाचून थांबायची, माझ्या तोंडाकडं बघायची. ती शब्द मागत नव्हती. ऐकणाऱ्याला कळलं का, पुढं जाऊ का, एवढंच विचारत होती. आणि मी तिला, सगळं वाक्य डोक्यात धरून दुसऱ्या भाषेत उभं करणाऱ्या पोरीला, पुढचा शब्द सांगत होतो. माझ्या निळ्या टिकलीच्या एकाही पोराला हे जमलं नसतं. मलाही जमलं नसतं.

"त्ये आदीचे पुस्तक लई बारके," सिद्धम्मा बोलतच होती. "एक पान, एक वळ. चूल पेटायच्या आत संपायचं. मी म्हनली, आगं, एवडंच? ती म्हनायची, अव्वा, बाकी चित्र हाय. मला काय करायचं चित्र? मला दिसतंय का? मीच तिला म्हनली, मोटं आन. चित्र नसलेलं आन. माज्यामुळं झालं समदं."

"तुमच्यामुळं नाही," मी म्हणालो. 

तेवढ्यात दामिनी आली. डोक्यावर कळशी. मला बघून दारातच थांबली.

"दामिनी, बाळ, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुला वाचता येतं. फार चांगलं येतं. मला कळलं नाही."

तिनं कळशी उतरवली, आत नेऊन ठेवली, बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुम्ही समद्यांसमोर म्हनलाव," ती म्हणाली.

"हो."

"पोरं मला आता साधी गाडी म्हनतेत. शाळंत बी."

"मी प्रेमला दटावलं होतं की."

"नंतर दटावलाव." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "आदी तुम्ही बी हसलाव."

मघाशी हा प्रसंग सांगताना मी ते सांगितलं नाही. खोली हसली असं लिहिलं. मी खोलीत होतो. प्रेमचं बोलणं मला खरंच गमतीचं वाटलं होतं आणि मी हसलो होतो, अगदी दात दिसतील असा. मग भान आलं आणि दटावलं. घरी येईपर्यंत माझ्या आठवणीत फक्त दटावणं उरलं होतं. नांदेडच्या दीडशे लोकांना मी तेच सांगितलं होतं, रागावलो नाही म्हणून.

मी उठलो. मठात जाऊन ते निळं पुस्तक घेऊन परत आलो आणि सिद्धम्माजवळ ठेवलं. दामिनीनं त्याला हात लावला नाही.

"वाचणार नाहीस?"

"समद्यांसमोर सांगा आदी," ती म्हणाली. "मंग बगू."

आजी तिला कन्नडमध्ये बरंच काही बोलली. मोठ्या माणसाशी असं बोलतात का, असंच असणार. दामिनी हलली नाही. बरोबरच होतं तिचं.

शनिवार यायला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत मी सांगायचं वाक्य किती वेळा मनात बदललं ते मलाच माहीत. 'गैरसमज झाला' असं म्हणावं का. 'आपण सगळेच हसलो' असं म्हणावं का. चाळीस वर्षं पोरांना 'खरं बोला' सांगितलं, आणि आता पोरांपुढं उभं राहायचं तर शब्दांना उशा लावत होतो.

शनिवारी पोरं जमली. दामिनी नव्हती. मी वही उघडून तिचं पान सगळ्यांना दाखवलं आणि म्हणालो, "इथं मी पाच वेळा 'अडखळते' लिहिलंय. ते चूक आहे. दामिनी आजीला मराठी पुस्तक वाक्यावाक्यानं कन्नडात सांगते, म्हणून थांबते. तुमच्यापैकी कुणाला हे येत नाही. मला येत नाही. आणि तिला न विचारता मी तिला सव्वा वर्ष मागं ठेवलं. त्या दिवशी तुम्ही हसलात, पण आधी मी हसलो."

 मग प्रेमनं हात वर केला.

"गुरुजी, मंग तुम्हाला कोनती टिकली?"

 तो चिडवत नव्हता, खरंच विचारत होता.

"लाल," मी म्हणालो.

ह्या वेळी कुणी हसलं नाही, आणि तेच मला जड गेलं.

रविवारी संध्याकाळी पुन्हा गेलो. पुस्तक मी ठेवलं होतं तिथंच होतं, वर दोन तुरीचे दाणे पडलेले. दामिनी चुलीपुढं बसली होती. सिद्धम्मा पीठ मळत होती.

"प्रेमनं सांगितलं मला," दामिनी म्हणाली. "लाल म्हनलाव म्हने."

"हो."

तिनं जरा विचार केला. पुस्तक उचललं, नुसत्या हातांनी झटकलं आणि माझ्यापुढं धरलं.

"तुम्ही वाचा. मी सांगते अव्वाला."

मी चष्मा लावला. शेळी आडाच्या तळाशी, पोरगा तिच्याजवळ, वर अंधार पडत चाललेला. मी वाचायला लागलो. चाळीस वर्षांचा आवाज, चढउतार, सगळं जागेवर. अर्धं पान एका दमात गेलं.

"निल्री, निल्री!" सिद्धम्मा ओरडली. "थांबा की हो मास्तर! गाडी हाय का काय?"

"गुरुजी, तुम्ही लई पळताव," दामिनी म्हणाली. "एक वाक्य वाचा, मंग माज्याकडं बगा."

मी एक वाक्य वाचलं आणि तिच्याकडं बघितलं. तिनं ते कन्नडात सांगितलं. आजीची भाकरी परातीत फिरत होती. मी पुढचं वाक्य सुरू केलं.

"अजून न्हाई," दामिनी म्हणाली. "अव्वा 'मुंद' म्हनली का?"

"नाही."

"मंग."

आम्ही तिघंही थांबलो. ते थांबणं मला सोसेना. हातात वाक्य असताना गप्प बसायचं, समोरच्याचं तोंड बघायचं, आणि ते तोंड काही सांगत नाही. हेच ती पोर सव्वा वर्ष माझ्यासमोर करत होती.

सिद्धम्मानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मुंद," ती म्हणाली.

एका पानाला पाऊण तास लागला. गावातली माणसं दोर घेऊन आली, आधी पोरगा वर आला. सिद्धम्मानं विचारलं, "आनि शेळी?" दामिनी म्हणाली, "म्होरल्या पानावर." आजी म्हणाली, मग वाचा, पोरगं काय, ओरडून सांगेल, शेळीचं कोण बघणार.

आता मी दर रविवारी संध्याकाळी जातो. पिशवीत दोन निळी पुस्तकं असतात. कोणतं ठेवायचं ते दामिनी ठरवते. कधी मी वाचतो, कधी ती वाचते, आणि ती वाचते तेव्हा मला पुढचा शब्द सुचतो, पण मी तो तोंडातच ठेवतो. मठाच्या खोलीत मात्र ती अजून आलेली नाही. मी एकदाच विचारलं. "बगू," एवढंच म्हणाली.

शीलाताईंना फोन करून सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मला सांगितलंत, पोरांना सांगितलंत. नांदेडच्या त्या दीडशे जणांना?"

त्यातल्या कितीजणांनी आपापल्या शाळेत जाऊन टिकल्या लावल्या असतील, घड्याळ हातात धरलं असेल आणि थांबणाऱ्या पोरापुढं 'अडखळते' लिहिलं असेल, मला माहीत नाही. मेळावा भरवणाऱ्यांना मी पत्र लिहिलं आहे, पुन्हा एकदा दहा मिनिटं द्या म्हणून. अजून उत्तर नाही.